बेरिंग उघडं, तोंड बंद

धुळ्याला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो, ते घरमालक मोटारीचं चाक खोललं की कुणाशीही बोलत नसत. उपरण्याने तोंड बांधून घेत. कुणी काही विचारलं तर हातानेच थांब म्हणत. फारच निकड असली तर उठत, हात पुसत, आवाराच्या दुसऱ्या टोकाला सीताफळाचं झाड होतं त्याखाली जात, उपरणं सोडत आणि तिथून बोलत. ज्याला बोलायचं असेल त्यानेही तिथंच जायचं. बोलणं संपलं की पुन्हा तोंड बांधून चाकाशी येऊन बसत.

त्यांचं म्हणणं असं की बोलताना थुंकी उडते. ती आपल्याला दिसत नाही, पण बेरिंगला लागते, आणि लागली तिथे गंज धरतो. "बेरिंग उघडं, तोंड बंद," असं ते सांगायचे. हे सांगायलासुद्धा सीताफळाखाली जायचे.

त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणे. त्यांची स्वतःची एक सर्व्हिस मोटार, म्हणजे उतारू नेणारी गाडी, होती. स्वराज्य आलं त्या सुमारास ती धुळे, पारोळा, अमळनेर अशी रोज जाऊन येऊन असायची आणि आबा स्वतः चालवायचे. पुढे त्या रस्त्यावर सरकारी एसटी सुरू झाली आणि खाजगी मोटारींची धाव थांबली. बाकीच्या मालकांनी आपापल्या मोटारी विकून टाकल्या. आबांनी विकली नाही. लग्नाची वऱ्हाडं, जत्रा, कुणाचा साखरपुडा, एवढ्यावर ती चालायची. एरवी आवारातल्या पत्र्याच्या छपरात उभी असायची. मात्र रोज पाच गावं हिंडून आल्यासारखी तिची देखभाल व्हायची. फेरी असो नसो, ठरलेल्या वेळी आबा तिची चाकं खोलत.

मी लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा मला हे सगळं विचित्र वाटलं. आमचे हे जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होते. मागच्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. माझं माहेर बोदवडकडचं. आमची बोली इकडे कुणी बोलत नाही आणि इकडचं बोलणं मला पटकन कळत नसे. एकदा नळावर मी काही बोलले तर बायका हसल्या. वाईट मनाने हसल्या नसतील, पण मला आधीच चारचौघांत बोलता येत नसे, त्यात ही भर पडली. तेव्हापासून मी मान हलवूनच काम भागवू लागले. ह्यांना ते आवडत नसे. "शेजारी म्हणतात, तुमची बायको मुकी आहे का?" असं ते म्हणायचे.

आबांना तेच आवडलं.

एका दुपारी मोटार कुठलंसं वऱ्हाड पोचवून परत आली होती. मी पाण्याची घागर घेऊन चालले होते. आबा पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले होते. म्हणाले, "पोरी, घागर ठेव. हात दाखव."

मला वाटलं काही चुकलं. मी हात पुढे केला.

"असा नाही, उलटा. हाताची पाठ. लाव इथं."

चाकाच्या मधोमध जो तुंबा असतो, ज्याला ते हब म्हणत, तिथे मी हाताची पाठ लावली.

"कसं आहे? गरम, का थंड?"

मला दोन्ही म्हणता येईना. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनीच विचारलं, "चहा आहे असं समज. निवलेला आहे, का पिण्याजोगा, का कढत?"

हे मला कळलं. मी दुसऱ्याला मान हलवली.

"पिण्याजोगा," ते म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टोपी मागे सारली. त्यांच्या काळ्या टोपीवर एकाच जागी अंगठ्याचा तेलकट ठसा होता. आनंद झाला की अंगठा तिथे जायचा.

नंतर समजलं की आबांचे दोन्ही हात कधी काळी रेडिएटरचं झाकण उघडताना उकळत्या पाण्याने भाजले होते. नवी कातडी आली ती जाड आली, हाताच्या पाठीवरसुद्धा. त्या हातांना नट किती आवळला ते कळायचं, पण ऊन काय आणि गार काय हे कळायचं नाही. आणि हबला हात लावणं ही तर त्यांची पूजा होती. मोटार धावून आली की हब पिण्याजोगा हवा. निवलेला असेल तर मोटार धावलीच नाही. कढत असेल तर आत ग्रीस संपलंय किंवा नट फार आवळलाय. तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही. म्हणून त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी हात लागायचा. त्यांच्या बायकोने तो द्यायला साफ नकार दिला होता.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का मोटारीला सवत म्हणायच्या. थट्टेने म्हणायला लागल्या असतील, पण म्हणता म्हणता ते खरंच झालं होतं. "सवतना अंगले मी हात लावाव नहीं," असं त्या ठणकावून सांगायच्या. मोटारीच्या छपराकडे त्या जातच नसत. आबा चाक खोलून बसले असताना कुणी भेटायला आलं, तर ओट्यावरूनच सांगायच्या, "आज त्यास्नं बाळंतपण शे. उद्या या." इकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात आणि 'आहेत'ला 'शेत'.

आबाही कमी नव्हते. अक्का जात्यावर बसल्या की ते ओसरीवरून कान देत. "खुंटा ढिला शे," म्हणत. अक्का म्हणत, "तुम्ही तुमना चाकनं देखा." मग अक्का उठल्या की आबा गुपचूप जाऊन खुंटा ठोकून येत. घरातलं काहीही कुरकुरलं तर त्यांना सहन होत नसे. दारांच्या बिजागऱ्या, झोपाळ्याच्या कड्या, विहिरीचा रहाट, सगळीकडे त्यांचं ग्रीस. त्या घरात एकाही दाराचा आवाज येत नसे. अक्का म्हणायच्या, चोर आला तरी कळायचं नाही. शेवटी त्यांनी मागच्या दाराला बैलाच्या गळ्यातलं एक घुंगरू बांधून ठेवलं होतं.

हात लावण्यापासून माझं सुरू झालं, ते ग्रीस भरण्यापर्यंत गेलं. आबांनी मला बसवून शिकवलं नाही. तोंड बांधलेला माणूस शिकवणार कसं? मी बघत गेले. आधी जॅक लावून चाक उचलायचं. मधली टोपी काढायची. नटाच्या खाचेत कॉटर नावाची तारेची पिन असते, ती सरळ करून ओढायची. नट काढला, की बाहेरचं लहान बेरिंग हातात येतं. मग चाक ओढलं की आतलं मोठं बेरिंग आणि त्यामागची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती निघते. बेरिंग म्हणजे एक पोलादी कडं, त्यात बोटाच्या पेरांसारखे रूळ गोल बसवलेले. ते घासलेटाच्या परातीत धुवायचं, जुनं काळं ग्रीस पार निघेपर्यंत. मग धुतलेल्या धोतरावर वाळत ठेवायचं. त्या दिवशी आवार झाडायचं नाही. अक्कांच्या कोंबड्या डाल्याखाली. वारा सुटला तर वरून दुसरं धोतर.

ग्रीस भरताना ते तळहातावर घ्यायचं आणि बेरिंगची रुंद कड त्यावर दाबत दाबत ओढायची, म्हणजे ग्रीस रुळांच्या मधून वर चढतं. दुसऱ्या अंगाने ते शेवयांसारखं बाहेर आलं की तेवढा भाग भरला. मग जरा फिरवायचं, पुन्हा तेच. माझा हात लहान होता आणि भाकरी थापायची सवय होती. एकदा आबांनी मी भरलेलं बेरिंग उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यानंतर ते काम माझ्याकडेच आलं.

ह्यांना हे पसंत नव्हतं. परक्या घरचं काम, त्यात ग्रीस. मला बोलले ते बोलले, एकदा आबांनाही बोलायला गेले. आबा सीताफळाखाली आले, उपरणं सोडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, चाकाचा नट आधी पुरता आवळायचा. मग एक घर, म्हणजे एक खाच, सोडायचं. सोडलं नाही तर चाक फिरतं, पण तापतं." एवढं बोलून तोंड बांधून परत गेले. आमचे हे थोडा वेळ झाडाखाली उभे राहिले. काय समजले कुणास ठाऊक, पण नंतर मला काही म्हणाले नाहीत.

आवळ, मग एक घर सोड, हे आबांचं सगळ्याला लागू असायचं. कुणाचं पोर शाळेतून पळालं, कुणाच्या सासूसुनेचं बिनसलं, की ते हेच सांगत. फक्त स्वतःच्या मुलाच्या बाबतीत त्यांना ते जमत नसे, आणि मुलालाही त्यांच्या बाबतीत जमत नसे.

मुलाला सगळे भाऊ म्हणत. तो एसटीत ड्रायव्हर लागला होता. खाकी कपडे, पायात बूट. ज्या रस्त्यावर बापाची मोटार धावायची त्याच रस्त्यावर आता हा सरकारी गाडी चालवायचा. आबांना त्याचा राग होता असं नाही. पण संध्याकाळी भाऊ घरी आला की आबा विचारायचे, "आज हबला हात लावला?"

"आबा, आमच्याकडे त्याला वेगळी माणसं आहेत. ड्रायव्हरनं गाडी चालवायची."

"हात कुणाचे शेत?"

"काय?"

"तुझ्या मनगटाला जे लागलेत ते हात. सरकारी शेत, का तुझे?"

मग भाऊ जेवायला उठून जायचा.

एके साली उन्हाळ्यात एक वाईट गोष्ट झाली. आबांची मोटार वऱ्हाड घेऊन पारोळ्याकडे निघाली आणि भर रस्त्यात बंद पडली. नेमकी मागून भाऊची एसटी आली. नवरदेव डोक्याला मुंडावळ्या बांधून रस्त्याच्या कडेला उभा. भाऊला आपल्या गाडीत दाटीवाटीने वऱ्हाड घ्यावं लागलं. मुहूर्त टळला तो टळलाच. आबा सगळ्यांना सांगत फिरले की रेडिएटर फुटला, बेरिंगला काही झालं नव्हतं. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता?

त्या रात्री जेवणं झाल्यावर भाऊने अक्कांच्या देखत आबांकडून कबूल करून घेतलं. पुन्हा एकदा मोटार वाटेत उभी राहिली, किंवा कबूल केलेली फेरी चुकली, की मोटार विकायची. भंगारवाला त्याने पाहूनही ठेवला होता. आबा हो म्हणाले. आपल्या शब्दाला ते पक्के होते. दुसऱ्या दिवशी हबला हात लावायला त्यांनी मला बोलावलं नाही. नुसते छपरात मोटारीशेजारी बसून राहिले. अक्कांनी ते ओट्यावरून पाहिलं. मीही पाहिलं.

नंतर पावसाळाभर मोटार उभीच होती. पहिली फेरी ठरली ती दसऱ्याची. आमच्या गल्लीतल्या एका कापडवाल्याच्या मुलीचा साखरपुडा अमळनेरला होता. दसऱ्याच्या दुपारी तिथे पोचायचं. कापडवाल्याच्या बायकोने मलाही आग्रहाने बोलावलं होतं.

आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, आबांनी सकाळीच पुढची दोन्ही चाकं खोलली. पावसाळ्याची ओल आत गेली असेल म्हणून. बेरिंगं धुऊन पाटावर स्वच्छ धोतरात वाळत ठेवली, वरून धोतर पांघरलं आणि नमद्याच्या चकत्या आणायला बाजारात गेले. मी घरात पुरणाला लागले होते.

हात धुऊन बाहेर आले तेव्हा आबा परत आले होते आणि पाटासमोर उभे होते. धोतर बाजूला केलेलं होतं. चारही बेरिंगांवर हळदकुंकू वाहिलेलं. वर अक्षता. झेंडूच्या पाकळ्या. प्रत्येकात गुळाचा एक एक खडा, आणि फुलपात्रातून पाणी फिरवलेलं. उदबत्ती जळत होती. पाटाच्या शेजारी अक्का बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, कोयता, कुऱ्हाड, सगळं. अक्कांनी इतकी वर्षं घरातलं सगळं पुजलं, पण मोटारीला कधी कुंकवाचं बोट लावलं नव्हतं. ते काम आबा एकटे करायचे. त्या वर्षी अक्कांनी आपण होऊन केलं.

आबांनी उपरणं बांधलेलं होतं. ते सीताफळाकडे गेले. झाडाखाली जाऊन उपरणं सोडलं.

"काय वं," ते तिथून म्हणाले, "हाई काय शे?"

"पूजा शे. दिसस नहीं का?"

"मोटारनी पूजा बोनटवर करतस."

"बोनटमा काय शे?" अक्का म्हणाल्या. "तुमना जीव जठे शे, तठे मी पूजा करी. रोज धोतर पांघरी ठेवतस, कोंबड्या कोंडतस. माले वाटनं, हिना देव हाऊच शे."

आबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ओट्यावर भाऊ उभा होता, सणाची रजा घेऊन आलेला. तो म्हणाला, "झालं. आता उद्याची फेरी चुकली. देवीच माझ्या बाजूनं आहे."

"तू गप बस," असं अक्का आणि आबा दोघंही एकदम म्हणाले.

आबा आत जाऊन घासलेटाचा डबा घेऊन आले. अक्का उठून पाटाच्या आडव्या उभ्या राहिल्या. देवाचं कुंकू घासलेटात? पूजा झालेली वस्तू दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून हलवायची आणि वाहिलेलं सगळं पांझरा नदीच्या पाण्यात सोडायचं, ही रीत. बेरिंगांवरचं कुंकू उतरवायचं तर तेही पाण्यानेच. त्या रागाने सांगत नव्हत्या. त्यांना खरोखरच भीती वाटत होती. इतक्या वर्षांनी सवतीला हात लावला, आणि पहिल्याच दिवशी देवीचा अपमान.

आबा पुन्हा झाडाखाली गेले. "पाणी," एवढंच म्हणाले. तिथेच खाली बसले. अंगठा टोपीकडे गेला आणि तसाच खाली आला. घासलेटाने धुवावं तर अक्का दुखावणार, आणि आता कुठे त्या छपराकडे आल्या होत्या. उद्यापर्यंत तसंच ठेवावं तर गुळाचं पाणी रात्रभर पोलादात मुरणार. तसंच बसवावं तर तांदूळ घेऊन चाक फिरणार आणि मोटार वाटेत कुठेतरी उभी राहणार. नाही बसवली तर फेरी चुकणार. काहीही केलं तरी भंगारवाला होताच.

मी अक्कांच्या मागे उभी होते. पदर तोंडावर घेतला, बेरिंगं उघडी होती म्हणून, आणि म्हणाले, "अक्का, तेलाने चालेल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथेच थांबावंसं वाटलं, पण अर्धंच सांगून कुणाला काय कळणार?

"मारुतीला तेल घालतात," मी म्हणाले. "दिवाळीला देवाला अभ्यंग असतो. तेलाने न्हाऊ घातलं तर कुंकू आपोआप उतरेल. मग ते नुसतं लोखंड."

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाई बोलस बी?" त्या भाऊला म्हणाल्या.

आबा झाडाखालून बघत होते. अभ्यंग हा पूजेचाच भाग, त्याला उद्यापर्यंत थांबायला नको, हे अक्कांनीच ठरवलं. घरात जाऊन दिवाळीसाठी ठेवलेला तिळाच्या तेलाचा डबा घेऊन आल्या. नवं लुगडं वर खोचलं. पाटाशी बसल्या आणि एक एक बेरिंग परातीत घेऊन न्हाऊ घालू लागल्या. तान्ह्या मुलाच्या अंगाला लावतात तसं तेल लावत, रुळांच्या मधून बोट फिरवत. गूळ विरघळेना तेव्हा नखाने काढला. सवतीला हात लावायचा नाही, हे त्या विसरल्या होत्या. कुंकवाचं ते लाल तेल त्यांनी बाजूला काढलं, मारुतीच्या दिव्यासाठी.

मग आबा पुढे आले. तोंड बांधलं. घासलेटाने पुन्हा धुतलं, वाळवलं, एक एक कानाशी धरून फिरवून पाहिलं. शेवटचं फिरवताना थांबले. पुन्हा फिरवलं. त्यांना काही तरी ऐकू येत होतं, पण कळत नव्हतं. त्यांनी ते माझ्या कानाशी धरलं. मला बारीक आवाज आला, एका जागी अडून पुढे जाणारा. मी खांदे उडवले.

अक्कांनी हात पुढे केला. बेरिंग आपल्या कानाशी नेलं, जराशी मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "तांदूळ शे. जातामा दाना अडकस तवय असाच वाजस."

मी गोधडीची सुई आणली. रुळामागे अर्धा तांदूळ अडकला होता, कुंकवाने लाल झालेला. आबांनी तो सुईने काढून अक्कांच्या तळहातावर ठेवला. अक्कांनी तो दाणा उचलून तुळशीत टाकला.

ग्रीस मी भरलं. नट आबांनी आवळला आणि एक घर सोडला.

दसऱ्याला सकाळी निघालो. कापडवाल्याचं सगळं कुटुंब, शेजारीपाजारी, आम्ही दोघं. भाऊ पुढे आबांच्या शेजारी बसला. कशाला येतोस म्हणून अक्कांनी विचारलं तर म्हणाला, "बघायला." अक्का स्वतः मागच्या बाकावर बसल्या. त्या मोटारीत त्या पहिल्यांदाच बसल्या असं त्यांनीच मला सांगितलं. खड्डा आला की त्या माझा हात धरत, आणि खड्डा गेला की सोडून देत.

पारोळ्याला आबांनी मोटार उभी केली आणि वळून माझ्याकडे पाहिलं. भरलेल्या गाडीतून, सगळ्यांच्या देखत, मला उतरावं लागलं. बायका आपसात विचारू लागल्या की हिला काय झालं. मी पुढच्या चाकाशी गेले, हाताची पाठ लावली. मग दुसऱ्या बाजूच्या चाकाशी गेले. आबा वर बसून वाट बघत होते. भाऊने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय वहिनी," तो म्हणाला, "झाला का चहा?"

मान हलवली असती तरी चाललं असतं. पण मागून इतक्या बायका ऐकत होत्या, आणि मला वाटलं की त्यांनीही ऐकावं.

"पिण्याजोगा," मी म्हणाले.

आबांनी टोपी मागे सारली. आम्ही साखरपुड्याला वेळेवर पोचलो, आणि दिवेलागणीला धुळ्याला परत आलो. भंगारवाल्याचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. अक्का दर खंडेनवमीला मोटारीची पूजा करू लागल्या, पण बोनटवर.

पुढे काही वर्षांनी ह्यांना अमळनेरला तेलाच्या गिरणीत काम मिळालं आणि आम्ही धुळं सोडलं. निघायच्या दिवशी मी आबांच्या पाया पडले. ते म्हणाले, "तू चाललीस म्हणजे माझा हात चालला." मला वाटलं बोलायचं म्हणून बोलले. पण महिनाभराने बातमी आली की त्यांनी मोटार विकली. कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन विकली. उलट भाऊच म्हणाला म्हणे, राहू द्या अजून, एवढी काय घाई आहे. आबा म्हणाले, ज्याला हब कळत नाही त्याने माणसं बसवू नयेत. ती एका वीटभट्टीवाल्याने घेतली. द्यायच्या आधी आबांनी चारही चाकं खोलून ग्रीस भरलं आणि तो येऊन उभा राहिला तरी त्याच्याशी बोलले नाहीत. सीताफळाखालीही गेले नाहीत.

आबा गेले ते मला उशिरा कळलं. तेरावंही होऊन गेलं होतं.

त्यानंतर एकदा मी अमळनेरहून धुळ्याला एसटीने निघाले होते. खिडकीशी बसले होते. गाडीत बसेपर्यंत ड्रायव्हरकडे लक्ष गेलं नव्हतं. पारोळ्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले. ड्रायव्हर उतरला तेव्हा पाहिलं तर तो भाऊ होता. केस पिकायला लागले होते. तो पुढच्या चाकाशी गेला, टायर बघतोय असं दाखवत थोडा वेळ उभा राहिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पटकन वाकला आणि हबला हाताची पाठ लावली.

मी पदर पुढे ओढून दुसरीकडे बघू लागले. माणूस असं काही करत असताना त्याच्याकडे बघू नये.

पण त्याने मला पाहिलं होतं. गाडीला वळसा घालून तो माझ्या खिडकीखाली आला. वर पाहिलं नाही. विजारीला हात पुसला.

"पिण्याजोगा, वहिनी," तो म्हणाला, आणि जाऊन आपल्या जागेवर बसला.